माइकच्या खोबणीतला यमन

दाना ओली या गल्लीतल्या आमच्या घरात त्या संध्याकाळी जो आवाज उठला, त्याला गाणे म्हणायचे तर फरशीवरून ओढलेल्या पत्र्यालाही गाणे म्हणावे लागेल! करकरीत, फाटका, घुसमटलेला. आणि गाणारा कोण, तर माझा धाकटा भाऊ वसंत, ज्याचा षड्ज आईने वर्षानुवर्षे समोर बसवून घासूनपुसून घेतला होता.

छत्तीसगड वेगळे झाले, त्याच्या सरकारी खात्यातली माणसे दोन राज्यांत वाटली गेली, आणि वसंताच्या वाट्याला रायपूर आले. जाण्यापूर्वी त्याने आईसाठी यमन गाऊन कॅसेट भरली. तिला ऐकू कमी येते. छोट्या टेपरेकॉर्डरचा आवाज तिच्यापर्यंत पोचेना. म्हणून वडिलांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर काढला. त्याच्या मागच्या सगळ्या जोडण्या गंजलेल्या. पुढची माइकची खोबण तेवढी जिवंत. वसंताने टेपची वायर तिथेच खुपसली.

"अरे, ही जागा माइकच्या बारीक आवाजासाठी आहे. टेपचा जोर तिला कसा सोसेल?"

"दादा, व्हॉल्यूम कमी कर ना, चल जाएगा!"

कमी केला. तोच फाटका आवाज, फक्त हळू! गाणे दारातच फाटते, आवाजाचे बटण येते त्याच्यानंतर. हे किती वेळा सांगायचे? माणसांचेही आपण असेच करतो ना? एका ठिकाणचा उचलून दुसऱ्या खोबणीत बसवायचा, आणि तो करकरला की त्याचाच आवाज कमी करायचा!

आईने कान लावून ऐकले. "हा कोण रे?"

वसंताने टेप बंद केला. सकाळी त्याची गाडी होती.

तो गेल्यावर मी चिडतच पाटणकर बाजारातून विजेचा जोर अडवणारे दोन रेझिस्टन्स आणले, एक दहा हजार ओहमचा, एक शंभरचा. वायरीत असे जोडले, की टेपच्या जोराचा शंभरावा हिस्साच खोबणीत शिरावा. संध्याकाळी यमन लावला. स्वच्छ, गोल, अगदी वसंताचा!

आई उजळली. मग एका तानेवर तिने हात उचलला. "थांब, वसंता. घाई झाली. पुन्हा घे."

टेप आपला पुढेच गात राहिला.

"ऐकत कसा नाही हा?" तिने माझ्याकडे पाहिले. यावर कुठला रेझिस्टन्स लावायचा? मी फीत मागे घेतली आणि तीच तान पुन्हा लावली. त्यात रतिमात्र फरक नव्हता.

आई डोळे मिटून ऐकत होती. "हं," ती म्हणाली, "आता बरं गायलास."