टेंभरीच्या रस्त्यावरचं वळण

नोकरीत चुका कोण करत नाही? मीही केल्या. बहुतेक फायलींच्या पोटात गेल्या आणि तिथंच जिरल्या. एक तेवढी उघड्यावर राहिली. तिच्यावरून दिवसातून दोनदा बस जाते.

हसू नका. आधी चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर तो दोषही माझ्याच नावावर पडायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आदिलाबादेत एका सरकारी ऑफिसात मी आवक-जावकच्या टेबलावर कारकून होतो. रस्त्यांसाठी गावोगावच्या दरख्वास्ती, म्हणजे अर्ज, माझ्याकडे यायच्या. मी त्यांच्यावर शिक्का मारायचो, नंबर घालायचो, समासात 'नोंद घेतली' असं लिहायचो आणि गठ्ठ्यात बांधून टाकायचो. गठ्ठा बांधण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता.

त्या सुमारास पुण्याहून बदलून आलेल्या जोगळेकर नावाच्या एका बँक अधिकाऱ्यांनी आमच्याकडे डोंगरवाटांचा क्लब काढला. म्हणजे काय? तर रविवारी पहाटे उठायचं, हायवेपर्यंत बसनं जायचं आणि तिथून पुढं, बैलगाडी मिळत असतानासुद्धा, पायी चालायचं!

आमच्या भागात माणूस चालतो तो बस चुकली म्हणून. हौसेनं चालणारी माणसं बघायला पहिल्या रविवारी हायवेवरच्या गुडीहत्नूर गावाच्या स्टँडवर गर्दी जमली. आमचे गंभीर चेहरे पाहून एकानं टोपी काढून विचारलं, "कोनी वारलं का जी?"

मग मी त्यात का शिरलो? निसर्गप्रेम? छे हो! क्लबचे अध्यक्ष आमचे साहेब होते. कारकुनाला एवढं कारण पुरतं.

घरी मात्र पुरलं नाही.

"कोपऱ्यावरून दही आना म्हनलं तं गुडघे दुखतेत तुमचे," बायको म्हणाली. "अन् आता डोंगर काऊन चढून राह्यले?"

"साहेब आहेत ना तिथं."

"मंग साहेबाच्या घरचं दही तरी आना."

क्लबचा एक नियम होता. नवा माणूस आधी तात्पुरता सभासद. त्यानं क्लबसाठी एखादं काम फुकट करून दाखवलं की तो कायम, आणि मग त्याला डोंगराचं चित्र असलेला पितळी बिल्ला. मला तो बिल्ला हवा होता. लाजायचं कशाला? वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारणाऱ्याला आपल्याही छातीवर एखादा असावा असं वाटतंच.

मला काम मिळालं वाट आखायचं. हायवेपासून टेंभरी या गावाच्या शिवेवरून टेकडीमागच्या धबधब्यापर्यंत जुनी पायवाट होती. तिच्यावरच्या दगडांवर रंगानं बाण काढायचे, म्हणजे कोणी चुकणार नाही.

"लाल रंग घ्या, लांबून दिसतो," जोगळेकर म्हणाले.

"जोगळेकरसाहेब, आमच्या जिल्ह्यात दगडांवर लाल रंगानं लिहिणारी मंडळी वेगळी आहेत, जंगलातली, बंदूकवाली," मी म्हटलं. "ती तात्पुरते सभासद घेत नाहीत."

जोगळेकरांनी ताबडतोब पांढरा रंग मंजूर केला.

एका सुट्टीच्या दिवशी मी डबा आणि ब्रश घेऊन एकटाच निघालो. पहिला बाण झकास उतरला. पण नुसता बाण? क्रमांकाशिवाय? मी बाणाखाली लिहिलं, 'टे/१'. मग 'टे/२'. अक्षर असं ठसठशीत की दगडाला बढती मिळाल्यासारखी वाटावी.

सहाव्या बाणापर्यंत वाट सरळ होती. पुढं ज्वारीच्या शेतात एक झोपडी होती, आणि झोपडीपुढं, वाटेच्या बरोबर मध्ये, एक कुत्रं बसलं होतं.

कुत्रं म्हणजे वासराएवढं! बरं, वासराएवढं नसेल. पण त्यानं उठून एकदाच 'गुर्र' केलं आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात जलद निर्णय घेतला. वाट सोडली, डावीकडच्या मुरमाड टेकाडावर चढलो, शेताला लांबलचक वळसा घातला आणि कुत्रं ठिपक्याएवढं दिसायला लागल्यावर पुन्हा मूळ वाटेवर आलो.

इथं माझा प्रामाणिकपणा आडवा आला. जिथून चाललो तिथं बाण काढायचा, असं काम होतं. मी वळशावरही काढले. टे/७ ते टे/११.

पुढं धबधब्यापर्यंतचे बाण पुरे करून मी सोमवारी जोगळेकरांना अहवाल दिला. परिशिष्टासह. अहवाल इतका सुबक होता की वाट बघायला कोणी गेलंच नाही.

पंधरा दिवसांनी ऑफिसात माझ्या टेबलापुढं टेंभरीचे मारोतराव येऊन उभे राहिले. कापूस-ज्वारी पिकवणारा हा म्हातारा शेतकरी माझ्या ओळखीचा होता, म्हणजे त्याच्या दरख्वास्ती ओळखीच्या होत्या. दर वर्षी दिवाळीनंतर एक यायची: हायवेपासून टेंभरीला रस्ता द्या. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते, आजारी माणसाला खाटेवर घालून हायवेपर्यंत न्यावं लागतं. अशा आठ झाल्या होत्या. आठही मी व्यवस्थित बांधून ठेवल्या होत्या.

त्यांनी हुरड्याचं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि हात जोडले.

"वाठोरे बाबू, लय उपकार झाले!"

"कशाचे?"

"आता मस्करी नका करू. दगडायवर नंबर पडले ना आमच्या रस्त्याचे! टेंभरीचा 'टे' हाय त्यावर. समद्या गावानं वाचला. अन् अक्षर तं तुमचंच हाय, आमच्या दरख्वास्तीवर पाह्यलं मी."

"मारोतराव, ते बाण रस्त्याचे नाहीत. फिरायला येणाऱ्या लोकांसाठी आहेत."

"कोन येनार फिराले?"

"आम्हीच. शहरातली माणसं."

"जीपनं?"

"पायी."

"काऊन? बस नाही म्हनून?"

"नाही. मुद्दाम."

मारोतरावांनी डोळा मिचकावला आणि आवाज खाली आणला. "समजलं. मंजुरी आल्याबिगर सांगता येत नाही. व्हय ना?"

आता मी काय म्हणायला हवं होतं? 'नाही' म्हणायला हवं होतं. पण टेबलापुढं उभ्या असलेल्या माणसाला जे वाक्य मी जन्मभर ऐकवलं, तेच सवयीनं तोंडातून निघालं.

"प्रकरण विचाराधीन आहे."

मारोतराव जवळजवळ नाचतच बाहेर पडले.

नंतर महिनाभर काहीच कानावर आलं नाही. मीही विचारलं नाही. न विचारलेल्या गोष्टी आपोआप मिटतात, हा माझा टेबलावरचा अनुभव होता. मग क्लबच्या पहिल्या आखीव वाटेचं उद्घाटन ठरलं. साहेब स्वतः येणार आणि धबधब्यापाशी पोचल्यावर माझ्या छातीवर बिल्ला लावणार!

आम्ही वीस-बावीस जण निघालो. साहेबांच्या पायात नवे कॅनव्हासचे बूट, हातात काठी. पहिल्या बाणापासूनच जोगळेकर गोंधळले. पायवाटेची गाडीवाट झाली होती. झुडपं तोडलेली, खड्डे बुजवलेले, दोन्ही कडेला चुना लावलेले दगड. टे/७ पाशी सगळी साफसफाई इमानदारीनं डावीकडं वळली आणि टेकाडावर चढली.

"वाठोरे, हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?" जोगळेकरांनी भारावून विचारलं.

"जमेल तसं," मी म्हणालो.

होय, म्हणालो! बिल्ला धबधब्याइतका जवळ आला होता.

टे/११ च्या पुढं आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं. तोरणाखाली अख्खं टेंभरी. डफडी वाजायला लागली. काय होतंय ते कळायच्या आत साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, जोगळेकरांच्या पडला, माझ्या गळ्यात तर दोन पडले. मारोतराव बैलगाडीवर चढून बोलायला लागले.

"सरळ वाटेनं कोनीबी रस्ता आखला असता! पन तिथं काळी माती. पावसाळ्यात बैल पोटापर्यंत फसते. म्हनून यायनं मुरमावरून नेला. वळसा घालून! याले म्हंते डोकं!"

टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. खाली बघता बघता मी डोळ्याच्या कोपऱ्यातून कुत्रं शोधत होतो.

साहेब माझ्या कानाशी आले. "ये क्या है जी वाठोरे? मैं तो घूमने आया."

"सर, वो..."

तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली. तिनं साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "सुनेले खाटेवर घेऊन चाल्लो होतो बाप्पा, नाल्यातच बाळंत झाली. आता तशी पाळी नाही येनार."

साहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा तोरणाकडं. गळ्यातला हार सरळ केला.

"होगा," ते मोठ्यानं म्हणाले. "रस्ता होगा. इनकी पुरानी दरख्वास्त है क्या कोई?"

"आठ देल्या साहेब," मारोतराव गाडीवरून अभिमानानं म्हणाले. "आमच्या बाबूले समदं मालूम हाय!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. धबधबा त्या दिवशी कोणीच पाहिला नाही.

सोमवारी मी गठ्ठा सोडला आणि आठही दरख्वास्ती साहेबांपुढं ठेवल्या. त्यांनी एकेक उलटली. नोंद घेतली. नोंद घेतली. आठ वेळा. मला वाटलं, आता बदली बेज्जूरच्या जंगलात. पण साहेब एवढंच म्हणाले, "अक्षर अच्छा है तुम्हारा."

रस्ता मंजूर झाला. गावानं जमीन तयारच करून ठेवली होती, आखणी तीच धरली. वरून फक्त एक शंका आली: सरळ जागा असताना मध्येच वळण का? उत्तराची टिप्पणी माझ्याकडं आली. मी लिहिलं, 'स्थानिक अडथळ्यामुळे सरळ मार्ग शक्य नव्हता.' सही झाली, शिक्का पडला. अडथळ्याला शेपूट होतं का, हे कोणी विचारलं नाही.

बिल्ला? जोगळेकर सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "वाठोरे, लोकांनी चालावं म्हणून आपण क्लब काढला. तुमच्यामुळं जे चालत होते तेही थांबले." पुढं त्यांची बदली झाली, क्लब बंद पडला आणि मी तात्पुरता सभासद तो तात्पुरताच राहिलो.

निवृत्तीनंतर, नव्वदचं दशक सरता सरता, मारोतरावांच्या नातवाच्या लग्नाला त्याच बसनं टेंभरीला निघालो होतो. मारोतराव मला घ्यायला हायवेवर आले होते, शेजारीच बसले होते. बस वळणावर आली, टेकाडावर कण्हत चढली, ड्रायव्हरनं दात खाऊन गिअर टाकला आणि ओरडला, "कोन्या शहान्यानं आखला हा रस्ता!"

मारोतराव ताडकन उठून उभे राहिले. "हे काय, आपल्या वाठोरे बाबूनं!"

अख्खी बस मागं वळली. आरशातून ड्रायव्हरनंही पाहिलं.

"काऊन जी बाबू, मैदान सोडून वळण काऊन देल्लं?"

निवृत्त माणसाला कसली भीती? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खरं उत्तर दिलं. "तिथं कुत्रं होतं."

बस हसून लोटपोट झाली. मारोतराव तर डोळे पुसायला लागले. "बाबूची मस्करीची सवय नाही गेली! तवाबी म्हने, आमी मुद्दाम पायी फिरतो!"

ड्रायव्हर मात्र हसला नाही. त्यानं वळण पुरं केलं, गिअर बदलला आणि शांतपणे म्हणाला,

"मंग त्या कुत्र्यालेच आखू द्याचा होता. सरळ तरी आला असता."