फ्रीजला बांधलेली नाडी

फोन आला तेव्हा मी विमलताईंवरच चिडलेली होते. हातात कोरा चहा, समोर माझा स्वतःचा फ्रीज आणि त्याच्या मुठीला वेढे देऊन करकचून बांधलेली परकराची पांढरी नाडी. ही नाडी विमलताईंची. आदल्या संध्याकाळी डोंबिवलीहून बाळकुमला परत जाताना त्यांनी ती बांधली होती आणि दारात चपला घालता घालता बजावलं होतं, “विहीणबाई, उद्या दुपारी मी येईपर्यंत फ्रीज उघडायचा नाही. काय लागेल ते आत्ता बाहेर काढून ठेवा.” मी मुकाट्याने काढून ठेवलं. दूध रात्रीत नासलं. म्हणून कोरा चहा. अशा वेळी माझ्या मुलीचा, रश्मीचा फोन. “आई, अगं... सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या गं.” आणि माझ्या तोंडून काय निघावं? “अशा कशा गेल्या? दुपारी यायचंय त्यांना. डबा ठेवलाय आत!”

रश्मी फोनवर रडत होती आणि मी डब्याचं बोलत होते. पण त्या बाईने माझी सवयच तशी करून ठेवली होती. रश्मीच्या लग्नापासून आमचं नातं जे काही होतं ते त्या डब्याभोवती होतं. आइस्क्रीमचा डबा. अॅल्युमिनियमचा, उभा, घट्ट झाकणाचा, एका बाजूने चेपलेला. आजकाल हाकेच्या अंतरावर दुकान आहे, फोनवर सांगितलं तर पोरगा दारात आणून देतो. पण नाही. आइस्क्रीम घरीच करायचं, तेही मशीनशिवाय, आणि ‘घरी’ म्हणजे त्यांच्या नाही, माझ्या घरी!

याचं मूळ सांगते. लग्न ठरायच्या आधी ही मंडळी आमच्याकडे घर बघायला आली होती. मी पोहे केले होते, पडदे धुतले होते. बाईंनी पोह्यांचं कौतुक केलं नाही, पडद्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या आणि विचारता न विचारता माझा फ्रीजर उघडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आत बर्फाचे डोंगर. जुना एकदारी फ्रीज, महिनाभर साफ केलेला नव्हता. विमलताईंनी त्या बर्फावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “वा! काय गुणी फ्रीज आहे हो तुमचा.” मला वाटलं टोमणा आहे. मंडळी गेल्यावर आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, सासू खवचट निघणार, रश्मीचं कठीण आहे. पण त्या अगदी मनापासून बोलत होत्या. त्यांच्या घरी संदेशरावांनी, म्हणजे आमच्या जावयांनी, पगार वाढल्यावर मोठ्या हौसेने दोन दारांचा, बर्फ न साठणारा फ्रीज आणला होता, आणि बाईंचं म्हणणं असं, की तो नुसता वारा मारतो. “त्याच्यात आइस्क्रीम गोठतं, लागत नाही,” असं त्या म्हणायच्या. गोठणं आणि लागणं यात काय फरक, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्या कापडी पिशवीत डबा आणि रवी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. तेव्हापासून माझ्या तुपाची वाट लागली. कारण येण्याच्या आठवडाभर आधी फोन यायचा, “साय साठवा हं.” मी साठवायचे तुपासाठी आणि ती जायची बाईंच्या दुधात. दूध आटवायचं, थोडं कॉर्नफ्लॉवर लावायचं, साय फेटून घालायची. सगळ्या बायका आइस्क्रीममध्ये घालतात त्या पांढऱ्या पावडरी मी एकदा सुचवल्या, तर म्हणाल्या, “भिंतीच्या भेगांत लांबी भरायचीय का?” मग डब्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी, वर झाकण, आणि फ्रीजरच्या तळाला मूठभर जाडं मीठ पसरून त्यावर डबा. लवकर लागतं म्हणे. माझा फ्रीजर त्या मिठाने गंजला. मी दाखवला. “गंजू दे, आइस्क्रीम बघा,” हे उत्तर!

आणि मग नाडी. दार उघडलं की आतली थंडी जाते, म्हणून मुठीला नाडी. ह्यांना इन्शुलिन नाही, औषध नाही, फ्रीजमधलं काही लागत नाही, पण पाणी तर लागेल? एकदा ह्यांनी भर दुपारी हळूच गाठ सोडली. बाई आतल्या खोलीत घोरत होत्या. घोरणं थांबलं. “कोणंय फ्रीजपाशी?” आमचे हे, साठी उलटलेला माणूस, बाटली न घेता बाहेर येऊन बसले.

अर्धवट लागलेलं आइस्क्रीम बाहेर काढून घुसळायचं आणि पुन्हा ठेवायचं, हा खरा सोहळा. मिक्सर चालणार नाही, त्याने गरम होतं. रवीच हवी. आणि रवीने घुसळायचं तर डबा गरगर फिरतो, म्हणून तो कुणीतरी धरायला हवा. ते कुणीतरी म्हणजे मी. फरशीवर मांडी घालायची, टॉवेलात गुंडाळलेला डबा पोटाशी धरायचा, आणि समोर स्टुलावर बसून बाई रवी फिरवणार. बोटं बधिर व्हायची. जरा पकड सैल झाली की लगेच, “घट्ट धरा, विहीणबाई! डबाच आहे, जीव जातोय का?” एकदा म्हटलं, आज मी घुसळते, तुम्ही धरा. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू मी गाडी चालवायला मागितली असावी आणि मला सायकलही येत नसावी. “तुमचा हात नाही बसलेला,” म्हणाल्या. बसायला द्याल तर बसेल ना! इतक्या वर्षांत रवी माझ्या हातात एकदाही आली नाही.

पूर्वी ठाण्याला वळसा घालून यावं लागायचं, तेव्हा निदान उन्हाळ्यातच यायच्या. खाडीवरचा मोठागावचा पूल झाला आणि मी संपले. संदेशराव गाडीने इथे सोडायचे, परत न्यायचे. सीताफळ आलं की हजर, आंबा आला की हजर, पेरू स्वस्त झाले तरी हजर. रश्मी म्हणायची, “आई, नवा फ्रीज घे ना, आम्ही देतो.” पण मी हो म्हणायच्या आत बाईच म्हणायच्या, “काही नको. हा उत्तम आहे.” माझ्या स्वयंपाकघरातला फ्रीज, ठरवणार ह्या. खरं सांगते, देवाघरी गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण कितीदा वाटायचं, कुणीतरी आवरा हिला.

माझी साखर वाढली तेव्हा मात्र हद्द झाली. रिपोर्ट आला त्या दिवसापासून माझ्या वाटणीला एक चमचा. फ्रीजर माझा, साय माझी, गॅस माझा, पोटाशी डबा धरून गारठणार मी, आणि सगळ्यांना वाटी भरभरून वाढल्यावर माझ्यापुढे चमचा यायचा. वाटी नाहीच. रश्मी नजर चुकवून अजून थोडं देऊ बघायची, तर बाईंचा हात मध्ये. “एकच. उद्या पाय सुजले तर मला डबा कोण धरेल?” गेल्या दिवाळीत माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हटलं, “मी काय मरेपर्यंत नुसता डबाच धरायचा का, विमलताई? चव घ्यायची नाही?” एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई, पण त्या दिवशी नुसत्या उठल्या. वाट्या गोळा केल्या आणि धुवायला घेतल्या... मला वाटलं, बरं झालं, एकदाचं लागलं.

त्यानंतर त्या आल्या त्या शेवटच्याच. पिशवीत चिकू, पिकून अगदी लिबलिबीत झालेले. आल्या आल्या मला म्हणाल्या, “तुम्ही दळण आणा जा.” म्हटलं, कालच आणलंय. “मग भाजी आणा.” भाजी आहे. “मग जरा बाहेर बसा ना, विहीणबाई! सारखं काय डोक्यावर उभं राहायचं?” माझं स्वयंपाकघर, आणि मला बाहेर काढलं! मी टीव्ही मोठा करून बसले. फणफणत होते नुसती. दूध आटल्याचा, चिकूचा वास येत होता, पण मी ढुंकून बघितलं नाही. एरवी रात्री त्या मुक्काम करायच्या आणि आम्ही घुसळायचो. त्या दिवशी त्यांच्या भजनाच्या बायकांचं काही होतं, म्हणून डबा फ्रीजरमध्ये ठेवून, नाडी बांधून निघाल्या. मी निरोपाला लिफ्टपर्यंत गेले नाही. दारातूनच “या” म्हटलं.

पुढे सगळं झालं. दहावं झालं, तेरावं झालं. माणसं आली, गेली. डबा आमच्या फ्रीजरमध्येच. नाडी मी दुसऱ्याच दिवशी सोडली होती, दूध ठेवायचं होतं, पण सोडून पुन्हा तिथेच मुठीला अडकवली. डब्याला कुणी हात लावेना. बर्फ वाढत वाढत त्याला चारही बाजूंनी धरून बसला. मग रश्मीने नव्या फ्रीजचं पुन्हा काढलं, आता नको म्हणणारं कुणी नव्हतं. “आई, त्या डब्याचं काय करायचं? टाकून देऊ या?” संदेशराव शेजारी बसले होते. आई गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं नव्हतं, रश्मीला त्याचीच काळजी होती. ते एवढंच म्हणाले, “आईने अर्धवट काही टाकलं नाही कधी.” मी म्हटलं, “टाकायचं नाही. घुसळायचं राहिलंय, ते घुसळू. रविवारी या.” बोलून तर बसले, आणि मग रात्रभर धास्ती. रवीला हात न लावलेली मी. बिघडलं तर? त्यांच्या हातचं हे शेवटचं, दुसरं होणार नाही.

रविवारी फ्रीज बंद करून, बर्फ वितळवून डबा सोडवला. संदेशराव माझ्या जागी फरशीवर, डबा पोटाशी. मी स्टुलावर. रवी घातली... आत जाईना. दगड झाला होता दगड! पूर्वी जरा वेळ बाहेर ठेवलं की मऊ व्हायचं. आम्ही थांबलो, चहा झाला, पुन्हा बसलो, तरी खडक. मी घामाघूम. त्यांच्या नावाने जे काय बोलायचं ते बोलून घेतलं, जावयासमोर. शेवटी कडेने थोडं सुटलं, रवी फिरायला लागली, तसा डबाही फिरला आणि मी ओरडले, “घट्ट धरा! डबाच आहे, जीव जातोय का?” कुणी बोललं ते मलाच कळलं नाही. संदेशरावांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. दोन्ही हात डब्याला, डोळे पुसणार कसे? मी पदराने पुसले. “रडा, पण तोंड बाजूला करून. खारट होईल,” म्हटलं. ते रडता रडता हसले. मी घुसळत राहिले. थांबले असते तर मीही बसले असते रडत.

डबा पुन्हा आत ठेवला. जाडं मीठ पसरलं. नाडी बांधली. संध्याकाळी वाट्या काढल्या आणि रश्मीने सवयीने माझ्यापुढे चमचा ठेवला. सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे बघायला लागले. “आई,” रश्मी म्हणाली, “यात साखरच नाहीये.” संदेशराव म्हणाले, “आई विसरली असेल. वय झालं होतं.” मी माझा चमचा तोंडात घातला. चिकू, साय, आटवलेलं दूध, बस्स. साखरेचा कण नाही. म्हणून दगड झालं होतं... साखर नसली की असंच होत असणार. विसरली कसली! ती बाई मिठाची चिमूट विसरायची नाही. अख्खा डबा बिनसाखरेचा केला, सगळ्यांना फिकं खायला घालायचं ठरवलं, मला बाहेर काढलं, आणि एका शब्दाने सांगितलं नाही. मला असा संताप आला! सांगितलं असतं तर लिफ्टपर्यंत नसते का गेले मी? आणि वर अक्कल बघा, साखर नको म्हणून चिकू! डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी चिकू बंद केलाय. आता हे ऐकवायचं कुणाला?

मी वाटी मागितली. काठोकाठ भरून घेतली. संपवली आणि दुसरी घेतली. रश्मीने नाही अडवलं, ह्यांनी नाही अडवलं. मी मध्येच थांबून उगाच वाट बघितली.

डबा आता रिकामा झालाय. घासून, पुसून, रवी आत घालून ओट्यावर ठेवलाय, संदेशराव म्हणाले तुमच्याकडेच असू दे. परवा ते मोबाइलवर नव्या फ्रीजचे फोटो दाखवत होते. काचेसारखं चकचकीत दार, रंग छान, आत जागा भरपूर. मी चष्मा लावून नीट बघितलं, पुढून बघितलं, कडेने बघितलं.

“याला मूठ कुठाय हो?” मी विचारलं. “नाडी कुठे बांधायची?”