आईने विचारलेलं आडनाव

गेल्या वर्षी माझी कुमारांसाठीची पहिली कादंबरी आली. जोगेश्वरीच्या चाळीत वाढणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट. त्यातला एक मी, हे ओळखीच्यांना लगेच कळलं. दुसऱ्याचा फोन महिनाभराने आला. "मरोळला ये, जेवणाच्या सुट्टीत. पुस्तकाबद्दल बोलायचंय."

कशाबद्दल, ते मला ठाऊक होतं.

सातवीत असताना मी त्याला गणपतीत घरी जेवायला नेलं होतं. आम्ही कोकणातले, ते मराठवाड्यातून आलेले बौद्ध. आईने वाढता वाढता सहज विचारलं, "तुझां आडनाव काय रे?" तो तोंड उघडणार इतक्यात मीच आमच्या गावाकडचं एक आडनाव ठोकून दिलं. आईने त्याला आणखी एक मोदक वाढला. पुढे दहावीपर्यंत ती त्याला त्याच आडनावाने हाक मारायची आणि तो ओ द्यायचा.

कादंबरीत हा प्रसंग आहे. फक्त ते खोटं आडनाव मी त्याच्याच तोंडी घातलं. असं केल्याने प्रसंग जास्त भिडतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला माझा नायक भेकड दाखवायचा नव्हता.

मरोळला तो काम करतो त्या वर्कशॉपमध्ये त्याने डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

"तेव्हा राग नव्हता आला रे," तो म्हणाला. "मोदक समोर होता. राग आत्ता आला. पोरीने वाचलं ना पुस्तक. विचारते, पप्पा, तुला आपल्या आडनावाची लाज वाटायची का?"

"मी बोलतो तिच्याशी."

"बोलच. मी सांगून थकलो. म्हणते, छापलंय ना पण."

त्याने तिथेच फोन लावून माझ्या हातात दिला. मुलगी नववीत आहे. मी तिला म्हणालो, "ते आडनाव तुझ्या पप्पाने नाही, मी सांगितलं होतं. आई त्याला पानावरून उठवेल याची भीती मला वाटली. आणि पुस्तकात मी ते त्याच्यावर ढकललं."

तिने विचारलं, "तुमच्या आईला नंतर खरं सांगितलं?"

"नाही. आता ती नाही."

"मग काका, निदान पुस्तकात तरी नीट लिहा ना."

"लिहितो," मी म्हणालो. फोन परत देताना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडे सरळ बघितलं.

"काय म्हणाली?"

"चूक दुरुस्त कर म्हणाली."

"बापावर गेलीय. खा आता."

ती अर्धी भाकरी मी सगळी खाल्ली. बाहेर पडल्यावर रिक्षातूनच प्रकाशकांना फोन केला. दुसऱ्या आवृत्तीत तो प्रसंग घडला तसा आहे. त्या पानावर माझा नायक भेकड दिसतो. मला बरं वाटतंय.