स्टेशनवर न्यायला कोणी येणार नाही

शेजारच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष एका जाहीर सभेत संतापले आणि त्याचा भुर्दंड जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांना पडला. मी हे थट्टेने म्हणत नाही. इतकी वर्षं झाली, तरी तो संताप आठवला की माझंच डोकं फिरतं.

आई मूळची कराचीची. फाळणीच्या आधी लग्न होऊन ती जबलपूरला आली आणि तिचा थोरला भाऊ तिकडेच राहिला. माझा हा मामा तिथल्या मराठी शाळेत मास्तर होता. शाळा वाऱ्यावर सोडून कसा येऊ, असं म्हणता म्हणता मधे सरहद्द आली. मी चौदा वर्षांची झाले तरी मामाला पाहिलं नव्हतं, नुसतं त्याचं अक्षर ओळखत होते. त्या वर्षी त्याने कळवलं की इकडे यायच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे, दिवाळीपर्यंत मिळेल. आईला आकाश ठेंगणं झालं. यंदा भाऊबीजेला चंद्राला नाही, भावाला ओवाळणार, असं ती भाजीवालीलासुद्धा सांगत सुटली.

बाबा लष्कराचं सामान बनवणाऱ्या सरकारी फॅक्टरीत होते. संध्याकाळी सायकलवरून परतताना ते कमानिया गेटजवळ एका रेडिओच्या दुकानापुढे बातम्या ऐकायला थांबत. एके दिवशी ते आले आणि सायकल भिंतीला न टेकवता तशीच अंगणात आडवी टाकली. पलीकडच्या अध्यक्षांनी भर सभेत मूठ आपटून आपल्या देशाला नाही नाही ते सुनावलं होतं. आपल्याकडचेही मग तोंडाला कुलूप लावून बसले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी त्यांचा राजदूत माघारी बोलावला, आपण आपला बोलावला, आणि परवाने देणारी कचेरी बंद झाली. आमच्या गल्लीत नळावरची भांडणं याहून बरी होत. तिथे निदान भांडणाऱ्या बायकाच उपाशी राहत, बाकीच्यांची चूल पेटे.

आई एका जागी बसेना. कणीक भिजवता भिजवता उठून दाराशी जायची, परत यायची. टपाल अजून चालू होतं. "लिही," ती मला म्हणाली. तिला लिहिता येत होतं, पण माझ्या अक्षराचं मामाला कौतुक, म्हणून पत्रं नेहमी मीच लिहायची. "लिही, दादा, दिवाळीची वाट बघू नकोस. कुणाच्या हातापाया पडून परवाना मिळव आणि आधीच निघ. इकडे यांना दोन दोन पाळ्या चालू आहेत, रविवारचीही सुट्टी नाही, त्यामुळे तुला स्टेशनवर न्यायला कोणी येणार नाही. टांगा करून दीक्षितपुऱ्यात ये."

मी लिहिलं. वर माझ्या पदरची भर घातली: महिनाभरात फॅक्टरीत किती नवी माणसं घेतली आहेत तेही लिहून टाकलं. निबंधात मला नेहमी पहिला नंबर मिळे, त्याची खाज.

आता हे सांगायलाच हवं की फॅक्टरीतल्या माणसांच्या घरात मूल बोलायला लागलं की त्याला पहिला धडा मिळे: फॅक्टरीत काय चालतं ते कुणाला सांगायचं नाही. मी माझ्या जिवलग मैत्रिणीलाही कधी बाबांचं खातं सांगितलं नव्हतं. पण मामा म्हणजे 'कुणी' नव्हे. घरच्या माणसाला घरची खबर द्यायची नाही, हे आम्हा दोघींच्या स्वप्नातही आलं नाही.

पत्र कराचीला पोचलंच नाही, टपाल तपासणाऱ्यांनी ते वाटेतच फोडलं. दोन आठवड्यांनी बाबांना फॅक्टरीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने बोलावलं. पत्र मराठीत, म्हणून ते वाचून दाखवायला आमच्या ओळखीचे एक मराठी बाबूच बसवले होते. त्यांनी शब्दन् शब्द इमानदारीने हिंदीत करून सांगितला, टांग्यासकट. मराठी माणूस मराठी माणसाच्या कामी येतो तो असा.

"काहून लिहिलं हे?" बाबा घरी येऊन एवढंच विचारत राहिले. "फॅक्टरीत किती पाळ्या चालून राहिल्या, ते कराचीला कळवून राहिले तुम्ही! साहेब मला म्हणतो, मास्टरजी को और क्या क्या बताया?"

मी लिहिलं होतं, पण साहेबापुढे त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मला हे त्या मराठी बाबूंच्या बायकोकडून कळलं आणि मी दिवसभर जेवले नाही.

आठ दिवस बाबांना कामावर घेतलं नाही. बाकीचे दोन दोन पाळ्या करत होते आणि बाबा सुरक्षा कचेरीबाहेरच्या बाकावर बसून असत. मी डबा द्यायला जाई. ते टोपी काढत, घालत, पुन्हा काढत. नवव्या दिवशी सुटका झाली, पण एक कागद लिहून द्यायच्या अटीवर: कराचीच्या नातेवाइकाशी यापुढे आमचा पत्रव्यवहार नाही, संबंध नाही. खाली बाबांची सही आणि आईची.

आईची मराठी एरवी कराचीची, पण भांडताना ती जबलपूरची होई. "भांडण त्याहीनं काढलं, अन् सही मी काहून करू?" ती म्हणाली. पोळ्या करून झाल्यावर तिने हात धुतले आणि सही केली.

पुढे लढाई झाली, थांबली. काही महिन्यांनी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी परक्या देशात जाऊन हातात हात घेतले. राजदूत आपापल्या बंगल्यांत परत गेले. टपाल सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मामाचं कार्ड आलं: तीन महिन्यांचा परवाना मिळाला आहे, तुमचं उत्तर आलं की निघतो.

आईने कागद आणि पेन माझ्यापुढे आणून ठेवलं. "लिही. ताबडतोब ये म्हणावं."

"अगं, सही दिलीय आपण," बाबा म्हणाले. ते खोलीत येरझारा घालत होते. "तो आला की ओमतीच्या ठाण्यात त्याची नोंद करावी लागते. फॅक्टरीला कळल्याशिवाय राहील? थोडं थांब, निवळू दे."

"निवळलंय की! सकाळपासून शेजारचा रेडिओ सांगून राहिला, निवळलं!"

ती माझ्याकडे वळली. मला बाकावर बसलेले बाबा दिसत होते. मी पेन उचललं नाही. "माझ्याच्याने नाही होणार," मी म्हटलं.

आईने आम्हा दोघांकडे पाहिलं. "त्या माणसाला भर सभेत राग आला, तो उतरलासुद्धा," ती म्हणाली. "तुम्हा बापलेकीची भीती कधी उतरायची?"

तिने कागद आणि पेन उचलून स्वतःजवळ ठेवलं. तीन महिन्यांत तिनेही काही लिहिलं नाही, आणि मामाने पुन्हा कधी विचारलं नाही.