फोनात चढ दिसत न्हाई

मी भाजे गावचा. शनिवार-रविवारी पाव्हण्यांना लेण्याची, किल्ल्याची वाट दावतो. त्यामुळं वाटंतलं आपल्याला लय कळतं, असा माझा बरीच वर्सं गैरसमज व्हता. तो बायकोनं काढला.

पोरगी आंबी गावाला कंपनीत कामाला हाय. कंपनीनं घरच्या मानसांसाठी लोणावळ्याकडच्या एका खेळाच्या पार्काचे पास दिले. पोरगी खुशीत घरी आली, तर ही तांदूळ निवडता निवडता म्हनली, "मी न्हाई येत. तुमी बापलेकी जावा."

तिचंबी खरं व्हतं. भातलावणी करून करून हिचे गुडगे कामातून गेल्यात. मागं एकदा पार्कात गेलतो, तर थोडं चालून ही गेटाजवळच्या बाकड्यावर बसली ती पार संध्याकाळपत्तोर. आमच्या पिशव्या राखत. मी पाण्यात म्हशीवानी डुंबून आलो आन वर हिलाच इचारलं, "मजा आली का?" त्याचं उत्तर तिनं आजून दिलेलं न्हाई.

हिला एकच हौस व्हती. आकाशपाळणा. लग्नाआदी जत्रंत एकदा बसलेली, चार पेट्यांच्या लाकडी पाळण्यात. पार्कातला केवढा तरी मोठा, पर नेमका पार दुसऱ्या टोकाला.

पोरगी म्हनली, "आई, आपण आदी वाट बगून ठिवू. फोनात समदं पार्क वरनं दिसतं." ओटीवर बसून तिनं फोटो उगडला. मी फोन हातात घेतला. वाटंचा मानूस ना मी!

"गेट हितं. झाडं हितं. पाळणा न्हाईच की! काढून टाकला वाटतं." पाळण्याच्या जागी नुसती एक पांढरी काठी पडलेली.

ही मागनं वाकून म्हनली, "अवो, चाक वरनं बगितल्यावर काठीवानीच दिसनार. बाजूची सावली बगा की, कशी गोल पडलीया."

"मला ठावं व्हतं. तुझी परीक्षा घेत व्हतो."

"सोता चौथीत तीनदा बसलात, आन माझी परीक्षा?"

पोरगी फिस्सकन हसली.

पाळण्याकडं दोन वाटा जात व्हत्या. एक सरळ, एक वळणावळणाची. मी काडेपेटीतली काडी घिऊन फोनावर मोजली. सरळ वाट दीड काडी, वळणाची चार. पोरीला दावाया गेलो तर आंगठा लागला, फोटो मोटा झाला आन सरळ वाटच सहा काड्या भरली! पोरीनं काडी काढून घेतली.

ही मातर फोटोकडंच बगत व्हती. "ती वाट येवढी वळत का गेली आसंल? सपाट आसती तर सरळ नसती का नेली? चढ हाय तितं."

"फोटोत चढ कुटं दिसतोय?"

"फोटोत न्हाई दिसत. पर गाडीवाट चढाला आशीच वळवत्यात."

"तू निस्ती माझ्या मागं चल," मी म्हनलो.

आन पार्कात गेलो त्या दिवशी तिला सरळ वाटंनं नेली. झाडं संपली आन म्होरं पायऱ्या. खालनं वरचं टोक दिसंना. जलम डोंगराच्या पायथ्याला काढला, तरी मला चढ कळला न्हाई. हिनं पायऱ्या बगितल्या, गुडग्यावर हात ठिवला आन बसायला बाकडं शोदाया लागली. तिनं शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं.

मी पोरीला म्हनलो, "आई म्हनत व्हती ती वाट काढ."

माघारी फिरलो. वळणाची वाट खरंच गाडीवाट निगाली. कचऱ्याची ढकलगाडी घिऊन झाडूवाली बाई तितनंच वर चाललेली. चढ हळूहळू, वर सावली. दर वळणाला ही बसायची, आमीबी बसायचो. झाडूवाली म्हनली, "मावशी, सावकाश या. पाळणा कुटं पळून जात न्हाई."

लय येळ लागला, पर पोचलो. तिघंबी एकाच पेटीत बसलो. कड्यावर हुबा राहून पाव्हण्यांचे फोटो काढनारा मी, पेटी हालली तशी दांडी धरली आन डोळे गच्च मिटले. ही एकेक सांगत व्हती, तळं दिसतंय, रस्ता दिसतोय, गाड्या मुंग्यावानी चालल्यात. मी नुसता ऐकत व्हतो. पोरीनं पास आणले, फोनानं पाळणा दावला, हिनं वाट दावली. मी काय केलं म्हनाल तर माघारी फिरलो. तेवढंच धड केलं. पर देवानं मला ह्या दोघींच्यात टाकला, हे त्याचे लय उपकार.

"अवो," ही म्हनली, "हितं वर गुडगा अजाबात दुखत न्हाई बगा."

"मग बस निवांत," मी डोळे न उगडता म्हनलो.