कुंपणापलीकडचा मका

केप कोस्टच्या टेकडीवरच्या मुलींच्या शाळेत अराबा एसिल्फी एकोणीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती. चारशे मुलींची पोटं तिच्या पळीवर चालत. पण अराबा म्हणून हाक मारणारं त्या टेकडीवर नवऱ्याखेरीज कुणी नव्हतं. मुली तिला ‘आंटी किचन’ म्हणत, शिक्षिका नुसतं ‘किचन’ म्हणत आणि मुख्याध्यापिका आकवाबाई तर ‘किचनला सांगा’ म्हणून मोकळ्या होत. त्या एका शब्दात चुली, भांडी, सरपण आणि अराबा, सगळं आलं. दरवर्षी समारंभात नावं पुकारली जायची. धावण्यात पहिली, गणितात पहिली, बायबल पाठांतरात पहिली. एका वर्षी तर घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचंही नाव पुकारलं. अराबा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, कमरेच्या कापडाला हात पुसून टाळ्या वाजवी. मग आत येऊन तिनं चिरलेला कांदा जरा जास्तच बारीक व्हायचा.

मग सरकार बदललं, लष्कराचं आलं. कोकोचा भाव कोसळला होता, तिजोरीत खडखडाट होता, तांदळाची जहाजं येईनाशी झाली होती. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ दोनच गोष्टी. परदेशी सावकाराला ठणकावून, ‘नाही देणार जा!’ आणि आपल्या माणसांना, ‘आपलं अन्न आपण पिकवा!’ कारकुनांनी कचेरीपुढच्या फुलांच्या वाफ्यांत मका टोचला. पोलीस ठाण्यामागे कसावा उभा राहिला. शाळेतला भात गेला आणि रोज गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, आणि चवळी, नाहीतर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे. मुली कुरकुरत, “आंटी किचन, परत तेच?” अराबा म्हणे, “सरकारला पत्र लिहा, इंग्रजी शिकताय ना!”

मोहिमेच्या तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, आकवाबाईंनी शाळेच्या सगळ्या कामगारांना गर्द आंब्याखाली बोलावलं. कामगारांच्या चाळीतल्या प्रत्येक घराला मागची जमीन तोडून मिळणार. जुलैत शेतकी खात्याचे साहेब पाहणी करणार. ज्याची जागा सर्वांत चांगली, त्याला बक्षीस, आणि सुगीच्या समारंभात मंचावरून, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याचं नाव.

बक्षीस काय, हे अराबानं ऐकलंच नाही. ‘नाव’ एवढंच तिच्या कानात शिरलं आणि तिथेच घर करून बसलं.

अडचण एकच होती. अराबा कोळ्यांच्या घरातली. मासा कुठल्या लाकडावर धुरवायचा हे ती डोळे मिटून सांगेल, पण मक्याच्या दाण्याचं टोक खाली की वर, हे तिला नवऱ्याला विचारावं लागलं. नवरा क्वामेना शाळेचा सुतार. तो म्हणाला, “टाक कसंही. वर यायचं असेल तर येईल.”

त्याच महिन्यात शेजारच्या रिकाम्या खोलीत सेर्वा राहायला आली. शाळेच्या नव्या ड्रायव्हरची बायको, कुमासीकडची, आशांती जमातीची. कामाला धुणीघरात. उंच, धिप्पाड, हसली की कौलावरची कबुतरं उडावीत अशी. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं जमिनीत फावडं घातलं, मातीचा गोळा उचलून हुंगला आणि कुंपणावरून म्हणाली, “सिस्टर, माती झकास आहे गं! हिच्यात दात पेरलास तर माणूस उगवेल.”

अराबाला तेव्हाच ती आवडली नाही.

एप्रिलमध्ये सेर्वाचा मका गुडघ्याला लागला, अराबाचा घोट्याशी खोळंबला. अराबानं डोकं लढवलं. मासळीवर वाढलेल्या बाईला मासळीच सुचणार. बाजारातून टोपलीभर माशांची डोकी आणून तिनं रोपांच्या मुळाशी पुरली. दुसऱ्या सकाळी टेकडीवरची झाडून सगळी मांजरं शेतात हजर! निम्मी रोपं उपटलेली, आणि एक बोका मधोमध बसून मिशा चाटतोय.

कुंपणावर सेर्वाचं डोकं उगवलं. “सिस्टर, मका लावलास की मांजरं?”

“तुला काय करायचंय?”

“काही नाही बाई. पीक मात्र छान आलंय. तो काळा तर कापणीलाच आलाय!”

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत धुणीघरातून शिक्षिकांच्या खोलीत पोचली. मुली अराबाला बघून हळूच ‘म्यांव’ करू लागल्या.

त्या दिवसापासून अराबाच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी बंद म्हणून झाली नाही. चवळी ढवळताना डोळे मक्यावर. सेर्वाच्या रोपांना पानं किती, तुरा कुठल्या दिवशी आला, कणसाला केस कधी फुटले, सगळं तिला पाठ. संध्याकाळी सेर्वा पाण्याला गेली की ही कुंपणातून हात घालून कणसाला वीत लावून बघे आणि मग तीच वीत आपल्या कणसाला लावून बघायचं टाळे. मुख्याध्यापिका फिरायला निघाल्या की सेर्वाच्या कुंपणाशी थांबत. अराबाच्या कुंपणाशी त्या चालण्याचा वेग वाढवत. एका रात्री जेवताना क्वामेनासुद्धा बोलून गेला, “काही म्हण, त्या बाईच्या हाताला गुण आहे.” अराबानं त्याच्या पुढ्यातला मासा उचलून स्वतःच्या ताटात घेतला.

“अगं, माझा मासा!”

“जा, गुणवाल्या हाताचा खा.”

आणि मेमधल्या एका शुक्रवारी तिला ते दिसलं.

त्या किनाऱ्यावर शुक्रवारी जमिनीला हत्यार लावत नाहीत. धरणी तिथे शुक्रवारची लेक, म्हणून नाव एफुआ. जन्मवारी तिला विसावा द्यायचा, जसा मंगळवारी समुद्राला देतात. रविवारी चर्चमध्ये जाणारा माणूसही शुक्रवारी फावडं भिंतीला टेकवून ठेवतो. आणि इथे ही सेर्वा, धुणीघराला शुक्रवारी अर्धी सुट्टी म्हणून, भर दुपारी खणाखण माती ओढतेय!

अराबाच्या तोंडून ‘अगं’ निघालं होतं. ओठापर्यंत आलेलं ते ‘अगं’ तिनं गिळलं.

सांगितलं असतं तर? सेर्वानं जीभ चावली असती, वार बदलला असता, आणि मका तसाच डोक्यावर गेला असता. नाही सांगितलं तर? जमीन गावाच्या गादीची. शाळेला नुसती वापरायला दिलेली. गादीचे मानकरी एग्या ओटू यांच्या कानावर गेलं की दंड, आणि दंड झालेल्या शेताला कोण बक्षीस देतंय? पण आत्ता नको. पाहणीला अजून दोन महिने. आत्ता दंड भरून ती मोकळी होईल. अराबा मुरवणाची बाई. केंकीचं पीठ कधी आंबतं आणि कधी नासतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती थांबली. एक शुक्रवार, दोन, पाच, आठ. दर शुक्रवारी खिडकीत उभी राहून फावड्याचा आवाज मन लावून ऐके. आणि गुरुवारी दुपारी स्वतःला सुट्टी असे तेव्हा स्वतःच्या मरतुकड्या मक्यात जोमानं खणे. तिकडून सेर्वा कधी कधी दारात बसून तिच्याकडे बघत राही आणि काही न बोलता आत जाई. ‘जळते,’ असं अराबाला वाटे आणि बरं वाटे.

पाहणी शनिवारी ठरली. आदल्या शुक्रवारी अराबा डोक्याला नवं फडकं बांधून एग्या ओटूंच्या दारात गेली.

“एग्या, जरा टेकडीवर येता का? आमच्या हद्दीचा खुंट सरकल्यासारखा वाटतोय.”

“आज? उन्हाचं?”

“पोरी म्हणतात, एग्यांना केंकी खाऊन किती दिवस झाले.”

केंकीचं नाव काढल्यावर म्हातारा काठी टेकत आला. कुंपणाशी पोचतात तो पलीकडे सेर्वा उद्याच्या पाहणीसाठी तण काढत होती, कमरेपर्यंत वाकून, गाणं म्हणत. एग्यांची काठी थांबली.

“कोण गं ती? आज वार कुठला?”

सेर्वा घाम पुसत उठली. “शुक्रवार, नाना. का?”

“शुक्रवार! आणि धरणीच्या अंगावर फावडं?”

“शुक्रवारी काय झालं?” सेर्वा गोंधळली. “धरणी तर गुरुवारची. आमच्याकडे तिला ‘आसासे या’, म्हणजे गुरुवारची धरणी, असंच म्हणतात. गुरुवारी मी सुईसुद्धा जमिनीत टोचत नाही!”

“तुझ्या कुमासीत असेल गुरुवारची. इथली एफुआ आहे, शुक्रवारची.”

सेर्वाच्या हातून फावडं पडलं. धिप्पाड बाई, पण चेहरा पोरीसारखा झाला. “अरे देवा! म्हणजे फेब्रुवारीपासून मी... आणि ही...” तिनं अराबाकडे बोट केलं. “ही दर गुरुवारी खणते म्हणून मी बसल्या जागी मरत होते! म्हटलं, कोळ्यांची पोर, हिला कुणी शिकवलं नसेल, सांगितलं तर लाजेल बिचारी. दर गुरुवारी संध्याकाळी मी कुंपणाशी वाटीभर पाणी सोडायचे, हिच्या नावानं माफी मागायचे. गुरुवारचं खणल्यामुळेच हिचा मका असा खुरटला, असं मला वाटायचं!”

एग्या हसले, इतके की काठीवर रेलावं लागलं. मग हसू थांबलं आणि ते अराबाकडे वळले.

“तुला कधीपासून माहीत होतं हे शुक्रवारचं?”

“आजच... म्हणजे, आत्ताच दिसलं, एग्या.”

“तुझी खिडकी तर ही समोर उघडते.”

स्वयंपाकघरात काहीतरी करपत होतं, तरी अराबा हलली नाही.

“बरं,” एग्या म्हणाले. “जिला माहीत नव्हतं, तिचं एक अंडं. जिला माहीत होतं आणि जी गप्प बसली, तिची कोंबडी. दोघींनी उद्या सकाळी आणून द्या. शेताला दोष नाही. आणि तो खुंट कुठे सरकलाय ते दाखव, आलोच आहे तर.”

खुंट जागच्या जागी होता.

त्या रात्री अराबाला झोप लागली नाही, ती कोंबडीसाठी नव्हे. एकच गोष्ट राहून राहून सलत होती. मक्यात ती बाई पुढे गेली ते गेली, पण तिनं माफीसुद्धा आधीच मागून ठेवावी? वैरीण म्हणून आपण दोन महिने जिला जपलं, ती आपल्याला बिचारी समजत होती! “बिचारी,” अराबा अंधारात पुटपुटली. “कोंबडी दोन देईन, पण बिचारी नाही.” क्वामेना कूस बदलून म्हणाला, “एकच दे. कोंबड्या दोनच आहेत.”

शनिवारी शेतकीचे डोगबेसाहेब आले, चष्मा सावरत सगळी शेतं हिंडले. अराबाच्या शेतात त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही, फक्त विचारलं, “इथे मांजरं फार आहेत का?”

दोन आठवड्यांनी सुगीचा समारंभ झाला. मैदानात मंडप पडला, चारशे मुली पांढऱ्या कपड्यांत बसल्या, पाहुण्यांना सेर्वाच्याच मक्याची केंकी होती, अराबानं पीठ आंबवून, रात्रभर जागून उकडलेली. ती नासवावी, असा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. पण एकोणीस वर्षांत पीठ बिघडलं नव्हतं, आणि त्या बाईपायी आपलं पीठ बिघडवायचं म्हणजे आणखी एक गोष्ट तिला देऊन टाकणं होतं.

“सेर्वा ओपोकू!” डोगबेसाहेबांनी पुकारलं. सेर्वा मंचावर गेली. तिला एक नवा कोयता मिळाला आणि काळे रबरी गमबूट. तिनं ते तिथेच पायांत घातले. मुली हसल्या. साहेब म्हणाले, “दोन शब्द बोला.”

सेर्वानं ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला, जणू पळून जाईल. “मी काय बोलू? मी कोयत्याची बाई. पण एक सांगते. या मक्यावर माझ्यापेक्षा जास्त लक्ष दुसऱ्याच कुणाचं होतं. पानं तिनं मोजली. कणसं तिनं मापली. मला सगळं दिसायचं. एक शुक्रवार तिनं चुकवला नाही! आणि आज तुम्ही बोटं चाटताय, ती केंकीही तिचीच.” तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. “पुढे ये गं. आबेना एसिल्फी!”

मैदानात मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मंगळवारी जन्मलेली मुलगी कुमासीत आबेना, पण केप कोस्टात ती अराबाच. पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, “आबेना नाही, अराबा!” मागची ओरडली, “अराबा! आंटी अराबा!” मग सगळा मंडपच लागला ओरडायला. चारशे मुली, आशांती बाईला तिची चूक सुधारून द्यायला मिळाली म्हणून खूश, पाय आपटत, टाळ्या पिटत, “अ-रा-बा! अ-रा-बा!” आकवाबाई शेजारच्या पाहुण्यांना विचारत होत्या, “कोण अराबा?”

अराबा दारात उभी होती. हात ओले होते. तिनं ते कमरेला पुसले आणि वर केले. टाळ्या आपल्यासाठी असताना आपण वाजवायच्या नसतात, हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तीही वाजवत राहिली. डोळे भरून आले. पण भरलेल्या डोळ्यांनीसुद्धा तिला नीट दिसलं की मंचावरून उतरताना सेर्वाचा पाय बुटात आतल्या आत घसरतोय.

“दोन नंबर मोठे आहेत,” ती शेजारी उभ्या असलेल्या क्वामेनाला म्हणाली. “मला बरोबर बसले असते.”