परतीचा दम

रस्त्याच्या कडेला दगड ठेवायचा, पदराने तोंड पुसायचं आणि दगडालाच सांगायचं, "आज इतलंच." मग काकू घराकडे वळायच्या.

संग्रामपूरच्या अलीकडे आमचं गाव. काकू शेजारच्या. जन्मभर वांगी-मिरच्या पिकवून बाजारात विकल्या. अर्धांगवायूने उजवा पाय लुळा पडला तेव्हा सगळ्यांनी त्यांना खाटेवरची समजून टाकलं. त्यांनी मात्र पायी शेगावला जायचं ठरवलं. पहिला महिना दारासमोरच्या कडुनिंबापर्यंत पोचण्यातच गेला. रोज दगड उचलायचा, चार पावलं पुढे ठेवायचा आणि परत फिरायचं.

मी दूध घेऊन मोटारसायकलवर जायचो. चिडवायचो, "काकू, अशानं शेगावले कधी पोचता? पाय तर चांगला उचलून राह्यला."

"म्हणूनच मांगं फिरतो. जायाचा दम सगळ्यायले असते. परतीचा राखून ठेवा लागते. घर मांगंच असते ना, बाप्पा."

तुमच्याही ओळखीत असं एखादं चिवट माणूस असेल. मला तर दगड कुठवर आला ते पाहिल्याशिवाय करमत नसे.

मग गावातली मंडळी टाळ वाजवत पायी शेगावला निघाली. काकू दगडापाशीच उभ्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "चाला ना काकू, आमी हाओत." त्यांनी दगड उचलला आणि त्या दिवशी परत फिरल्याच नाहीत. पुलापलीकडे बाभळीखाली टेकल्या. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. दगड तिथेच राहिला.

तेरवी झाल्यावर मी पाहिलं, तर दगड पुलाच्या अलीकडे होता. पोरांनी फेकला असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो आणखी चार पावलं अलीकडे, कडेला नीट ठेवलेला. एका सकाळी थांबून हात लावला. माती गार होती, दगड मुठीतून नुकताच ठेवल्यासारखा उबदार. मी घाबरलो. उचलून त्यांच्या घरी पोचवावा असंही मनात आलं. पण त्यांना एकदा घाई करायला लावलीच होती आम्ही. मी हात काढून घेतला.

ऋतू पालटले. काल दगड कडुनिंबाखाली दिसला. सांगायला गेलो, तर काकूंची सून पाय धुवायला पाण्याची बादली उंबऱ्याशी ठेवत होती.

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "इथून तिथवर जायाले महिना लागला होता त्यायले. वापस याले बी तेवढाच लागीन. दार उघडंच ठेवतो मी."